दाजीपूरचा पाऊस आणि कृष्णेचे पाणी

देवगड-निपाणी रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या माहितीचा असेल. कुणी कुणकेश्वरच्या यात्रेला गेला असेल, कुणी मे महिन्यात हापूसच्या पेट्या आणायला. आमचे जामसंडे या रस्त्याच्या समुद्राकडच्या टोकाला. तिथून तळेबाजार, शिरगाव, नांदगाव असे करत गाडी फोंड्याला येते. मग घाट चढतो आणि दाजीपूरच्या जंगलात आपण देशावर येतो. पुढे राधानगरी, मुदाळतिट्टा आणि निपाणी. समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत दीड-दोन तासांचा प्रवास, पण तेवढ्यात पाण्याचा सगळा हिशेब उलटा होतो. मी जन्माने जामसंड्याचा आणि पोटापाण्याने ऊसपट्ट्यातला, म्हणून दोन्ही बाजूंचे थोडे बोलतो.

दाजीपूरच्या माथ्यावर पाऊस पडतो तेव्हा त्याचे दोन वाटे होतात. जो थेंब कड्याच्या पश्चिमेला पडला तो ओढ्यानाल्यांतून धावत एक-दोन दिवसांत कोकणच्या खाडीत जातो. त्याचा विषय तिथेच संपला. चार पावले पूर्वेला पडलेला थेंब भोगावतीत जातो. राधानगरीच्या धरणात थांबतो, सुटला की कोल्हापूरजवळ पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र पालथे घालून हंसलदेवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेचा समुद्र हाताच्या अंतरावर असताना हे पाणी पाठ फिरवून हजार-बाराशे किलोमीटर उलट दिशेला चालते. कृष्णेचेही तसेच. महाबळेश्वरला ती जिथे उगम पावते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटर. पण ती वाट धरते पूर्वेची आणि चालते सुमारे १४०० किलोमीटर. त्यातले आपल्या राज्यात सुमारे तीनशे.

नदी मोठी म्हणजे किती मोठी? तिचे खोरे सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरचे आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६९ हजारांच्या पुढे. पुण्याची मुळा-मुठा, बारामतीची नीरा, पंढरपूरची भीमा ही सगळी शेवटी कृष्णेचीच लेकरे. भीमा पार रायचूरजवळ जाऊन तिला मिळते. तेव्हा सोलापूरकडचा ऊस आणि शिरोळचा ऊस एकाच नदीच्या पाण्यावर वाढतो, हे आपल्या लक्षात येत नाही इतकेच.

वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर ही नदी अगदी घरगुती वाटते. कराडला कोयना तिला समोरासमोर येऊन भिडते. दोन नद्या तोंडाला तोंड देऊन मिळाव्यात आणि मिळून काटकोनात वळाव्यात, असा प्रीतिसंगम क्वचितच पाहायला मिळतो. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. तिथून खाली औदुंबर, सांगली, मग वाडी. वाडीला पुराचे पाणी दत्तमंदिरात एका दाराने शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की ‘दक्षिणद्वार’ झाले म्हणतात. लोक स्नानाला गर्दी करतात. आपला माणूस पुराचेही तीर्थ करतो.

पण कृष्णाकाठ काळा कसदार झाला आणि उसाने भरला तो काही आपोआप नाही. नदी पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात डबक्यासारखी, हे पूर्वीचे रूप. एकोणिसाव्या शतकात कराडजवळ खोडशीला बंधारा घालून ब्रिटिशांनी कृष्णा कालवा काढला. नीरेचा डावा कालवा १८८५ चा. कोल्हापूरच्या बाजूला मात्र पाण्याचा विचार खऱ्या अर्थाने केला तो राजर्षी शाहू महाराजांनी. भोगावतीवर धरण बांधायचे त्यांनी ठरवले आणि १९०९ च्या सुमारास काम सुरू झाले. एका संस्थानिकाने, संस्थानाच्या तिजोरीतून, त्या काळात एवढे मोठे धरण अंगावर घ्यावे ही साधी गोष्ट नव्हती. पैशाअभावी काम रखडले, महाराज १९२२ साली गेले, आणि धरण पुरे व्हायला पुढची तीसपस्तीस वर्षे लागली. साठा साडेआठ टीएमसीच्या आतला, म्हणजे आजच्या मानाने लहानच. पण त्याचे आपोआप उघडणारे दरवाजे आजही पावसाळ्यात बातमीचा विषय होतात. ‘राधानगरीचा दरवाजा उघडला’ म्हटले की कोल्हापूरकर पंचगंगेच्या घाटाकडे निघालाच.

धरणाचे पाणी कालव्याने न नेता नदीतच सोडायचे आणि नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालून अडवायचे, ही कोल्हापूरची खरी युक्ती. बंधाऱ्याच्या खांबांना खाचा. पावसाळा संपला की त्यात बरगे घालायचे आणि पावसाच्या आधी काढायचे. नदीच कालवा झाली. दोन्ही काठांवर सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी मोटारी बसवल्या, पाइपा चढवल्या आणि माळ भिजवला. हा ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ पुढे महाराष्ट्रभर गेला. कारखाने त्यानंतर आले. आधी पाणी उचलणारा शेतकरी एकत्र आला, मग ऊस गाळणारा, हा क्रम विसरू नये.

आता हिशेबाचे बोलू. वर्तमानपत्रात टीएमसी टीएमसी म्हणतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. आपल्या सुरू उसाला वर्षभरात सुमारे २५० सेंटिमीटर पाणी लागते असे कृषी विद्यापीठाचे पुस्तक सांगते. पूर्वहंगामीला तीनशेच्या घरात, आडसालीला साडेतीनशेपर्यंत. सुरूचाच आकडा धरला तर एकरी सुमारे एक कोटी लिटर झाले. त्यातले पावसाचे काही वजा होते हे खरे. पण पाऊस न धरता बघितले तर एक टीएमसी म्हणजे साधारण २,८०० एकर ऊस.

हा २५० सेंटिमीटरचा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या गावचा पाऊस आठवला. देवगडच्या किनाऱ्याला चार महिन्यांत पडतो तो पाऊस साधारण एवढाच किंवा थोडा जास्त. म्हणजे जामसंड्याच्या जमिनीवर अख्ख्या पावसाळ्यात जेवढे पाणी उभे राहिले असते तेवढे आपला एकेक एकर ऊस वर्षात घेतो. आणि तो ज्या शिरोळ-मिरजेच्या भागात उभा आहे तिथे पाऊस पडतो पाचसहाशे मिलिमीटर. त्याच कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला पाच हजारांच्या आगेमागे. एकाच जिल्ह्यात एवढा फरक! गगनबावडा, दाजीपूर, महाबळेश्वर, कोयना या डोंगरांवर पडणारे पाणी आडवून खाली आणले म्हणून ऊस उभा आहे. नाहीतर ज्वारी-शाळूचाच मुलूख हा.

बरं, एवढा पाऊस पडून जामसंड्यात काय होते? एप्रिल-मेमध्ये पाण्याचे हाल. आमच्याकडे जांभ्याचा कातळ. पाणी पडते, कातळावरून सरसरत जाते, खाडीत खारे होते. देवगड आणि जामसंडे मिळून आता नगरपंचायत आहे, पण पिण्याचे पाणी दहिबावच्या नदीवरून नळाने आणावे लागते आणि उन्हाळ्यात तेही पुरत नाही. कोकण राज्याच्या क्षेत्राचा जेमतेम दहावा हिस्सा, पण राज्यातल्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी तिथून वाहते आणि बहुतेक समुद्रात जाते. गावातले एक वयस्क बागायतदार, मी त्यांना आबा म्हणतो, मला विचारतात, ‘अरे बाबा, तुमच्या उसाक पाणी लागता तरी किती?’ मी आकडा सांगितला की हसतात. ‘आमच्या कलमाक पयली दोन-तीन वर्सा हातान पाणी घालूक लागता. मगे तां आपल्या मुळांनी जगता.’ हापूसचे कलम कातळ फोडून सुरुंगाच्या खड्ड्यात लावलेले, तरीही ते पावसाच्या ओलाव्यावर जगते. आबांचा टोमणा लागतो, पण उत्तर नाही असेही नाही. आंब्याला दोन महिन्यांचा हंगाम आणि बाजाराची लहर. उसाला बारा महिने पाणी द्यावे लागते खरे, पण कारखान्याचा भाव ठरलेला आणि माल घ्यायला गाडी दारात येते. शिवाय हल्ली वैभववाडी-कणकवलीकडचा शेतकरीही ऊस लावतो आणि तो घाट चढून कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांना येतो. म्हणजे कोकणालाही उसाचे वावडे नाही.

कृष्णेचे पाणी कोकणात उतरत नाही असे मात्र समजू नका. कोयनेचे उतरते, आणि थोडेथोडके नाही. कोयना धरणाचा शिवसागर शंभर टीएमसीच्या वरचा. त्यातले बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातल्या वीजघरांवर सोडतात. वीज करून ते पोफळी-अलोऱ्याच्या बाजूने वाशिष्ठीत आणि चिपळूणवरून अरबी समुद्रात जाते. बच्छावत लवादाने अशा पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. वरच्या हिशेबाने पावणेदोन लाख एकरांहून जास्त उसाचे पाणी हे. म्हणून ‘ते पाणी पूर्वेला द्या’ अशी मागणी देशावर वारंवार होते. पण आपल्या नदीकाठच्या मोटारी चालतात त्या विजेवरच, आणि महाराष्ट्राच्या उद्योगधंद्याला कोयनेने मोठा आधार दिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, माणसे गेली, घरे पडली, तरी धरण उभे राहिले. माझे मत असे की या पाण्यावर हक्क सांगताना विजेचा आणि पाण्याचा ताळेबंद एकाच कागदावर मांडला पाहिजे.

लवादाचेही थोडे सांगायला हवे, कारण आपल्या सभांत ते नाव नेहमी निघते. तीन राज्यांचे भांडण मिटवायला १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद नेमला. १९७३ मध्ये निवाडा आणि १९७६ मध्ये अंतिम आदेश. चार वर्षांतून तीन वर्षे खात्रीने मिळेल असे २,०६० टीएमसी पाणी धरले. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८००. शिवाय वापरून नदीत परत येणाऱ्या पाण्याचा थोडा वाटा. मिळाले तेवढे अडवून वापरले नाही तर हक्क जाईल या धास्तीने १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना गती आली. आज जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या बाजूला कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून जाते. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० साली नवे वाटप सुचवले आणि अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटरपर्यंत नेण्यास मोकळीक दिली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. चेन्नईच्या पिण्यासाठी कृष्णेचे १५ टीएमसी पाणी द्यायचे ठरले, त्यात महाराष्ट्राचा वाटा ५ टीएमसी. मद्रासच्या माणसाच्या तांब्यात महाबळेश्वरचे पाणी!

अलमट्टीचे नाव निघाले की पुराचा विषय येतोच. २००५, २०१९, २०२१ हे तीन पूर आपल्यापैकी कुणी विसरणार नाही. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा तशीच. सांगलीला १९२९ सालच्या आयर्विन पुलाखाली ४५ फूट हा धोक्याचा आकडा, तिथे २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांवर पोचले. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली ती त्याच पुरात. वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात अलमट्टीला मुख्य दोष दिला नाही, यावर नदीकाठचे अनेक लोक आजही नाराज आहेत. वाद चालू द्या, पण नदीचा उतार कुणाला नाकारता येणार नाही. सांगलीच्या खाली जमीन ताटासारखी सपाट. कृष्णा फुगली की पंचगंगेला तिच्यात शिरायला वाव राहत नाही, वाडीपासून फुगवटा मागे सरकतो आणि शिरोळ तालुका भरतो. धरणे ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरत आलेली, त्यात घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस अतिवृष्टी, आणि नदीच्या पात्रात भराव, वीटभट्ट्या, बांधकामे. पूररेषा कागदावर निळी आणि तांबडी आखलेली असते, बांधणारा ती पुसतो.

पुरातला ऊस पाहिला की जीव तुटतो. पाणी शेंड्यावरून गेले आणि चार-पाच दिवस राहिले की सुरळीत गाळ बसतो, कोंब कुजतो, मग डोळे फुटून पांगशा येतात, कांड्यांना मुळ्या सुटतात. असा ऊस वजनाला आणि उताऱ्याला दोन्हीकडे मार देतो. तो आधी तोडला पाहिजे, आणि अशा वर्षी तोडणी कार्यक्रमात वशिला चालता कामा नये. हे मी शेती खात्यात राहूनच म्हणतो आहे.

पूर ओसरतो, पण कृष्णाकाठाला एक सावकाश येणारा पूर लागला आहे. तो खालून येतो. भारी काळी जमीन, पाट मोकळा सोडून दिलेले पाणी, निचऱ्याला वाट नाही. जमिनीतली पाण्याची पातळी वर येते, उन्हाने पाणी उडते आणि क्षार वर राहतात. आधी वाफ्यात पांढरी बुरशीसारखी साय दिसते. मग ऊस विरळ होतो, खोडवा येत नाही, शेवटी रान बाभळीला आणि लव्हाळ्याला जाते. शिरोळ, मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांत अशी हजारो एकर जमीन पडली. ज्यांच्या वडिलांनी सातबारा तारण टाकून मोटारी बसवल्या, त्यांच्याच मुलांचे रान पाण्यानेच गेले. राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी असलेला ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नोंदले आहे. बाहेरचे लोक हा आकडा आपल्या तोंडावर फेकतात तेव्हा राग येतो. पण क्षारपड रान पाहिल्यावर आकड्यावर वाद घालायचे कारण राहत नाही, कारण जास्तीचे पाणी आपल्याच जमिनीत दिसते.

आणि नदीत काय जाते तेही आपल्याच घरातले बोलायला हवे. शहरांचे सांडपाणी, कापड प्रक्रियेचे रंगपाणी, आणि कधीमधी मळीचे पाणीही. २०१२ साली इचलकरंजीला काविळीची साथ आली, माणसे दगावली. मासे मरून वर आले की दोन दिवस आरडाओरडा होतो, मग पुढच्या वर्षापर्यंत शांत. खाली कर्नाटकात, रायचूरला, कुर्नूलकडे, विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्याखालच्या भातशेतीत हेच पाणी जाते. तिथला शेतकरी आपल्याला ओळखत नाही, पण आपण काय सोडले ते त्याला कळते.

क्षारपड जमीन सुधारता येते, हे मात्र आता सिद्ध झाले आहे. शिरोळच्या श्री दत्त कारखान्याच्या परिसरात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भूमिगत निचऱ्याची मोठी कामे केली. तीनचार फूट खोलीवर सच्छिद्र पाइपा ठरावीक अंतराने टाकायच्या, त्या मोठ्या पाइपेला जोडायच्या आणि ते पाणी सामाईक चरातून ओढ्याला काढायचे. एकट्याने करून उपयोग नाही. शेजाऱ्याच्या रानातून चर गेला नाही तर आपले पाणी जाणार कुठे? बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ या चरासाठी एका टेबलाशी बसलेले मी पाहिले आहेत. पाइपा पडल्यावर एक-दोन पावसाळ्यांत क्षार धुपतात. जमीन चोपण असेल, म्हणजे भिजली की चिकट आणि वाळली की दगड, तर आधी जिप्सम लागते. धैंचा किंवा ताग गाडायचा, मग पहिले पीक घ्यायचे. ठिबक केले तर पाण्यात चाळीस टक्क्यांपर्यंत बचत होते, आणि खतही मुळाशी जाते.

ज्यांच्या रानात पांढरी साय दिसू लागली आहे त्यांनी आडसालीची सरी सोडण्याआधी माती परीक्षणाला द्यावी. नमुना एकाच जागेचा घेऊ नये. रानात सात-आठ ठिकाणी नऊ इंच खोलीचा खड्डा काढून माती एकत्र करावी, आणि क्षारपड रानात दोन आणि तीन फुटांवरची माती वेगळ्या पिशवीत आणावी. पिशवीवर गट नंबर, आणि पाणी विहिरीचे की नदीचे ते लिहावे. विहिरीचे असेल तर एक बाटली पाणीही सोबत आणावे.